पणाचें माप

द्यूत निंद्य आहे हें सांगण्यासाठीं नव्या निबंधाची गरज नाहीं. तें काम ऋग्वेदांतील जुगाऱ्याच्या सूक्तापासून पुष्कळ झालें आहे. मला पडलेला प्रश्न थोडा निराळा आहे. डाव आपल्या बाजूचा आहे हें ज्याला खरोखरीच कळलें, त्यानें किती लावावें? आपलें म्हणणें बरोबर असणें ही एक गोष्ट. त्या बरोबरपणावर किती भार टाकावा हें ठरविणें ही दुसरी. पहिलीचें शिक्षण आम्ही वर्गांत देतों. दुसरीचें देतों असें मला म्हणवत नाहीं.

या प्रश्नाचें एक स्वच्छ उत्तर अमेरिकेंतील जुगारगृहांत सांपडतें. तेथील ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ असा आहे : एकवीसच्या पुढें न जातां त्याच्या जवळ जावयाचें व पानें वाटणाऱ्या घरच्या माणसास मागें टाकावयाचें. एरव्हीं फायदा घराचा. परंतु वांटलेलीं पानें जो ध्यानांत ठेवतो त्याला, दहा किमतीचीं पानें व एक्के मागें अधिक उरले असतां, कांहीं काळ वरचष्मा मिळतो. हें एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकानें १९६२ सालीं पुस्तक लिहून दाखविलें. अशा वेळीं किती लावावें याचा नियम बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंतील जॉन केली यानें १९५६ मध्येंच मांडला होता. वरचष्मा जितका अधिक तितकें अधिक लावावें. डावांतील चढउतार जितका मोठा तितकें कमी. या मापाच्या दुप्पट लावणाऱ्याचें भांडवल, प्रत्येक डाव त्याच्या बाजूचा असूनहि, कालांतरानें जेथल्या तेथें राहतें. त्याहून अधिक लावल्यास झिजत जातें. मनुष्य चुकलेला नसतो, तरी बुडतो.

मग एकाऐवजीं दोन-तीन हात घ्यावे, एक बुडाला तर दुसरा तारील, असें खेळाडूच्या मनांत येतें. भांडवल दहा हजार डॉलर व वरचष्मा शेंकडा एक धरूं. म्हणजे शंभर डॉलर झाले. एका हाताच्या चढउताराचें माप सुमारें १.३, त्यानें भागितां ७७ डॉलर येतात. दोन हात खरोखरीच स्वतंत्र असते तर प्रत्येकावर जवळजवळ तितकेच लावतां आले असते. परंतु समोर घरचा हात एकच असतो. त्याला चांगलें पान आलें कीं खेळाडूचे सगळे हात एकदम कमजोर ठरतात. या सामाइक नशिबाचें माप सुमारें ०.५ आहे, व तें प्रत्येक वाढत्या हातामागें भाजकांत मिळवावें लागतें. म्हणून दोन हातांवर प्रत्येकीं ५६, तिहींवर प्रत्येकीं ४३. कागदावर हात कितीहि वाढवीत नेले तरी सर्वांची मिळून रक्कम २०० डॉलरच्या पलीकडे जात नाहीं. ज्याला आपण विभागणी समजत होतों ती बव्हंशीं एकाच पानावरची पैज होती.

हा हिशेब मांडतांना मला नेहमीं नळराजा आठवतो. ऋतुपर्णानें बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें क्षणांत मोजून दाखविलीं आणि नळाला अक्षहृदय दिलें. मोजण्याची विद्या व फांशांची विद्या एकच, हें त्या उपाख्यानकारास ठाऊक होतें. नळ खेळ शिकला, त्याचा वरचष्मा खरा होता. आणि पुष्कराशीं पुन्हा बसतांना त्यानें मिळविलेलें सर्व धन, दमयंती व स्वतःचा प्राण एकाच डावावर ठेवला.

मापून लावणें हा वाण्याचा धर्म, शूराचा नव्हे, असें कोणी म्हणेल. स्वतःचा प्राण पणाला लावणाऱ्याशीं मी वाद घालीत नाहीं. तो आपला हात खेळतो. परंतु संसारी मनुष्याचा हात सहसा एकटा नसतो. त्याच्या एका पानावर बायकोमुलांचे, म्हाताऱ्या आईचे हात वर-खालीं होतात, आणि त्यांपैकीं कोणी खेळावयास बसलेला नसतो. केलीच्या सूत्रांत भांडवल खेळणाऱ्याचें स्वतःचें आहे असें गृहीत धरलें आहे. दुसऱ्याच्या आयुष्याला वरचष्म्यानें गुणण्याचा अधिकार तें सूत्र देत नाहीं, व अक्षहृदयहि देत नाहीं.

नळ जिंकला, आणि त्यानें पुष्कराला उदारपणें सोडून दिलें. डाव निषध देशांत झाला. दमयंती त्या वेळीं विदर्भांत, बापाच्या घरीं होती.