आधी हात बघ

चि. बायो,


तुझं पत्र सोमवारी मिळालं. आजीनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि मग स्वतः चष्मा लावून पुन्हा वाचलं. डोंबिवलीची खोली हवेशीर आहे, सोबतच्या मुली चांगल्या आहेत, डबा लावलास, हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. माझं लक्ष मात्र शेवटच्या पानांवर राहिलं. तिथे तू लोकलमधल्या बायकांविषयी लिहिलं आहेस.

गाडीत बसायला मिळालं की तू फोन बॅगेत टाकतेस आणि समोरच्या माणसांच्या गोष्टी रचत बसतेस. विक्रोळीला चढणाऱ्या त्या डोळे सुजलेल्या बाईचं लग्न मोडलं असणार, हेही तू ठरवून टाकलंस. आणि मला विचारतेस, आजोबा, तुम्ही जन्मभर बसमध्ये माणसंच बघितलीत, तुम्ही कसे बघायचात?

विचारलंस ते फार बरं केलंस. तुझ्या वयात आसपासच्या माणसांचं कुतूहल वाटणं ही मोठी गोष्ट आहे, ते मरू देऊ नकोस. पण मला विचारशील तर गोष्ट रचायची घाई करू नये. गोष्ट एकदा डोक्यात बसली की डोळे आपलं काम थांबवतात. मग समोरची बाई दिसेनाशी होते आणि आपलीच गोष्ट दिसत राहते.

त्या बाईच्या हातात काय होतं, ते तू लिहिलं नाहीस. ती कुठल्या स्टेशनला उतरली, तेही नाही. तू करी रोडला उतरतेस. तुझ्या अलीकडचं स्टेशन परळ. केईएम, टाटा, वाडिया ही सगळी हॉस्पिटलं त्याच भागात. आमच्या बसमध्ये दादरहून परळकडे जाताना एक्स-रेचं मोठं पाकीट घेतलेली माणसं रोज असायची. ते पाकीट माणूस कसं धरतो ते बघ. नवखा माणूस ते दोन्ही हातांनी छातीशी आडवं धरतो, दुमडू नये म्हणून गर्दीत खांदा पुढे काढतो, स्वतः चेंगरतो पण पाकिटाला धक्का लागू देत नाही. महिनोन् महिने खेपा घालणारा ते गुंडाळी करून काखेत मारतो. पुष्कळ जण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेले असायचे. बुलढाणा, नांदेड, कुठून कुठून आलेले. “टाटा आलं का?” असं दर स्टॉपला विचारायचे. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. गावाकडचा माणूस परक्या मुलखात चेहरा बंद करून ठेवतो. कळायचं ते त्या पाकिटावरून.

म्हणून माझं पहिलं सांगणं: आधी हात बघ. हातांना तोंडासारखा अभिनय जमत नाही.

कंडक्टरला हे पोटासाठी शिकावं लागतं. भरलेल्या गाडीत प्रत्येक स्टॉपला पाचसहा माणसं चढणार, तेवढीच उतरणार, आणि कुणाचं तिकीट झालंय, कुणाचं राहिलंय हे लक्षात ठेवायचं. चेहरे लक्षात राहत नाहीत, एवढे चेहरे कुणाच्याच डोक्यात मावत नाहीत. मी हात लक्षात ठेवायचो. ज्याला तिकीट घ्यायचं आहे त्याचा एक हात चढतानाच खिशाकडे किंवा कमरेच्या पिशवीकडे जातो. तिकीट मिळाल्यावर कुणी ते घड्याळाच्या पट्ट्यात खोचतं, कुणी अंगठीत घडी करून अडकवतं, शाळेतली पोरं दातांत धरतात. कुणी सुट्टे पैसे मोजून मुठीत तयार ठेवतं आणि ती नाणी हातात येतात तेव्हा गरम झालेली असतात. गरम नाणी देणारा माणूस स्टॉपवर बराच वेळ उभा होता आणि त्याच्याजवळ तेवढेच पैसे असण्याचा संभव आहे, एवढं मला कळायचं. तशा माणसाशी मी सुट्ट्यांवरून कधी आवाज चढवला नाही.

आमच्या आधीच्या काळात बेस्टमध्ये बद्रुद्दीन काझी नावाचे एक कंडक्टर होते. प्रवाशांची हुबेहूब नक्कल करून गाडी हसवत ठेवायचे. बलराज साहनींच्या ते नजरेत भरलं, त्यांनी काझींना गुरुदत्तांकडे नेलं, आणि 1951च्या ‘बाजी’त ते पडद्यावर आले. पुढे सगळा देश त्यांना जॉनी वॉकर म्हणून ओळखू लागला. पडद्यावर त्यांनी इतके दारुडे रंगवले, पण स्वतः ते दारूला शिवत नसत. मग तो तोल, ती जड जीभ आली कुठून? कंडक्टरची नोकरी केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. शेवटच्या गाडीला असे प्रवासी रोज भेटतात. आम्हा कंडक्टरांना त्यांचा फार अभिमान, आणि तो रास्तच आहे.

आता मी तुला एक थोडं मोठं सांगणार आहे, कारण तू रोज ज्या आवारात जातेस त्याच्याशी त्याचा संबंध आहे.

तुझं ऑफिस आहे तिथे पूर्वी गिरणी होती, हे तुला माहीत आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा लालबाग, परळ, डिलाइल रोड हा सगळा टापू भोंग्यावर चालायचा. पहिली पाळी सुटली की भारतमाता टॉकीजच्या स्टॉपवर एकदम लोंढा यायचा. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू, अंगाला तेलाचा वास. कुणी कुठल्या खात्यात आहे ते आम्ही बघून सांगायचो. साचेखात्यातली माणसं मोठ्यानं बोलायची, कारण दिवसभर मागांच्या खडखडाटात कान बसलेले. बसमध्ये शेजारी बसूनसुद्धा ती एकमेकांशी ओरडून बोलायची, आणि अर्धं बोलणं हातवाऱ्यांनी करायची.

18 जानेवारी 1982ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. सभा, मोर्चे, वाटाघाटी हे सगळं पेपरात यायचं. पण संपानं घरात काय केलं ते मला तिकिटांवरून कळत गेलं. भाडं टप्प्यावर असायचं. पूर्वी जो माणूस लालबागचं तिकीट घ्यायचा तो काही महिन्यांनी एक टप्पा अलीकडचं तिकीट घेऊ लागला. तिथे उतरून तो पुढे चालत जायचा. मग दोन टप्पे अलीकडचं. मग तो दिसेनासा झाला. मी दारातून बघायचो तर तोच माणूस फुटपाथवरून चाललेला असायचा, आणि गाडी त्याच्या बाजूनं पुढे जायची. त्याच सुमारास घरच्या बायका बसमध्ये दिसू लागल्या. ज्या कधी एकट्या प्रवास करत नसत त्या आता भल्या पहाटे माहीम, वांद्र्याकडची तिकिटं मागायच्या, धुण्याभांड्याच्या कामांसाठी. आणि पावसाळ्याच्या तोंडावर वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका घेतलेली कुटुंबं परळच्या एसटी आगाराला उतरू लागली. आपल्याच मुलखातली माणसं, सावंतवाडीची, देवगडची, मालवणची. बोलीवरून ओळखू यायची. कित्येकांनी मुंबई पुन्हा पाहिली नाही.

त्या माणसांपैकी एकाचंही नाव मला माहीत नाही. तरी त्यांच्या घरात पहिल्यांदा काय तुटलं, मग काय तुटलं, हे मी क्रमानं सांगू शकतो. याला मी बघणं म्हणतो. ते एका दिवसात होत नाही. तीच वाट, तोच स्टॉप, तीच माणसं पुन्हा पुन्हा बघितली तरच कालच्यापेक्षा आज काय बदललं ते लक्षात येतं. तू लिहितेस, की रोज तीच गाडी, तेच चेहरे, त्यामुळे आता कंटाळा येतो. बायो, तीच तर तुझ्या हातातली पुंजी आहे.

आमच्या दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मी सुट्टीच्या दिवशी बसायचो. तिथे मला अरुण कोलटकरांविषयी कळलं. आपले मोठे कवी. काळ्या घोड्याजवळच्या वेसाइड इन नावाच्या हॉटेलात ते वर्षानुवर्षं येऊन बसत आणि समोरचा चौक बघत. झाडूवाल्या, फुटपाथवर राहणारी माणसं, सकाळी इडली विकायला येणारी बाई, भटकं कुत्रं, हे सगळे त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आले. पुस्तक इंग्रजीत आहे, 2004 साली आलं, त्याच वर्षी ते गेले. तुझं इंग्रजी चांगलं आहे, मिळवून वाच. जगभर हिंडण्याची ऐपत असलेल्या बुद्धीचा माणूस एकाच चौकाला इतकी वर्षं देतो, हे मला फार थोर वाटतं.

आता दुसरी गोष्ट. तू लिहिलंस, की तुला माणसं बघायला आवडतात, पण पुरुष टक लावून बघतात तेव्हा अंगावर काटा येतो, मग आपण बघतो तेही तसंच का? असा प्रश्न तुला पडला यावरूनच तुझं बघणं तसं नाही हे उघड आहे. माझ्या गाडीत असे महाभाग पुष्कळ चढायचे. बाईनं पदर सारखा केला, पर्स पुढे घेतली, खिडकीकडे तोंड फिरवलं, तरी यांची नजर हलत नाही. समोरच्याला त्रास होतोय हे दिसत असूनही जो थांबत नाही तो बघत नसतो, तो घेत असतो. अशा वेळी मी तिकिटाच्या निमित्तानं मधे जाऊन उभा राहायचो आणि तिचा स्टॉप येईपर्यंत तिथून हलायचो नाही. तूही एवढं पाळ: ज्या क्षणी समोरच्याला आपली नजर जाणवली, त्या क्षणी ती काढून घे. आणि फोटो काढू नकोस. थकून झोपलेल्या बाईचा, मुलाला पाजणाऱ्या आईचा, कुणाचाच नाही. तिनं तुला तिच्या शेजारी बसू दिलंय, तेवढ्यावर तुझा हक्क संपतो. कुणी त्रास दिला तर मात्र गप्प बसू नकोस, डबा सगळा तुझ्या बाजूनं उभा राहतो. आजीचा हा स्वतःचा अनुभव आहे.

आजी म्हणते, तिचंही लिहा. पश्चिम रेल्वेवर 1992च्या मे महिन्यात चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हा ती त्या गाडीनं ऑफिसला जायची. संध्याकाळी परतताना मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडायची, मटार सोलायची. शेजारणी न सांगता हात लावायच्या. कुणाच्या घरी पाहुणे आहेत, कुणाची सासू आजारी आहे, हे भाजी किती आणि कुठली घेतली आहे यावरून सगळ्यांना कळायचं. ती म्हणते, तुमच्या डब्यात आता भाजी निवडतात का ते विचारा. मीही विचारतो. कळव.

आणि डोंबिवली स्टेशनकडे जाताना सकाळी नाक्यावर माणसं उभी असतात ती बघितलीस का? तू त्यांचा पत्रात उल्लेख केला नाहीस, म्हणून सांगतो. ते नाका कामगार. रोजच्या कामाच्या आशेनं उभे राहतात. गवंड्याच्या पिशवीतून थापीचा दांडा बाहेर आलेला असतो, रंगाऱ्याच्या हातात ब्रश, सुताराची करवत गोणपाटात गुंडाळलेली. बिगाऱ्याकडे काहीच नसतं. मुकादम येतो तेव्हा हत्यारं थोडी वर उचलली जातात, तोंडानं कुणी काही बोलत नाही. आठ वाजता तिथे गर्दी असते. उशिरानं निघालीस एखाद्या दिवशी, तर दहाच्या सुमाराला जे उरलेत त्यांच्याकडे बघ. त्यांची हत्यारं पिशवीत परत गेलेली असतील. तुझी खोली ज्या इमारतीत आहे ती असल्याच माणसांनी बांधली. डोंबिवलीच काय, सगळी मुंबई त्यांनी बांधली, आणि रोज हजारो माणसं त्यांच्या बाजूनं मान खाली घालून जातात. तू तशी जाऊ नकोस, असं मला मनापासून वाटतं.

विक्रोळीच्या बाईचं काय करायचं, असं विचारशील. काही करू नकोस. रोज भेटतेच आहे, तर एखाद्या दिवशी सरकून जागा दे आणि “कुठे उतरणार?” म्हणून विचार. लोकलमध्ये हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारू शकतं. बोलायचं असेल तर ती बोलेल. नसेल बोलायचं तर स्टेशनचं नाव सांगेल, आणि त्या दिवशी तेवढंच पुरे.

पुढच्या पत्रात मला तुझ्या डब्यात कानातली विकायला येणाऱ्या बाईविषयी लिही. ती कुठे चढते, कुठे उतरते, माल कुठून उचलते, तो जाळीवर अडकवायला तिला किती वेळ लागतो, मूल असलं तर ते तोवर कुणाकडे असतं. यातलं काही बघून कळेल, काही विचारावं लागेल. विचारायच्या आधी एखादा जोड विकत घे, आणि भावात घासाघीस करू नकोस.

शेजारचा मुलगा गुरुवारी रात्री कोकणकन्येनं निघतोय. त्याच्याबरोबर आगळाची बाटली, कुळथाचं पीठ आणि आजीनं केलेले बेसनलाडू पाठवतोय. तो शुक्रवारी सकाळी ठाण्याला उतरेल, फोन करून जागा ठरवून घे. लाडू खोलीतल्या मुलींनाही दे.

तुझे,
आजोबा