सूड कोणाच्या खर्चाने?

सूड घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न नीतिविचारकांनी पुष्कळ चर्चिलेला आहे. परंतु त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो, आणि तो अधिकारपदावरील माणसाला तरी पडावयास हवा. ज्याच्या हाताखाली चार माणसे आहेत, ज्याच्या शब्दावर ती उठतात व बसतात, त्याला सूड घेण्याचा अधिकार उरतो काय? क्षमेची गोष्ट आम्ही येथे बाजूस ठेवतो. ती ज्याच्या त्याच्या अंतःकरणाची बाब आहे. आम्हांस पाहावयाचे आहे ते एवढेच की, सुडाचा खर्च कोणाच्या खाती पडतो.

यासाठी उदाहरण घेत आहोत ते काहीशा हलक्या समजल्या जाणाऱ्या प्रांतातले आहे. १९८२ साली ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील दुसरा चित्रपट, ‘द रॅथ ऑफ खान’, पडद्यावर आला. अंतराळातील नौकायुद्ध हा त्याचा विषय. आरमार म्हणावे तर नौका अवघ्या दोन, आणि त्याही एकाच दलाच्या. त्यांपैकी एक खान नूनियन सिंग याने बळकावलेली. या खानाचे मूळ १९६७ च्या एका दूरदर्शन-भागात आहे. तेथे तो उत्तर हिंदुस्थानातील, बहुधा शीख, असावा असा तर्क केलेला आहे. भूमिका मात्र दोन्ही वेळा मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान यांनी केली. परक्यांच्या नजरेला आपला देश कसा दिसतो, याचा हा एक गमतीदार नमुना. असो.

मूळ कथा अशी की, जहाज बळकावू पाहणाऱ्या या पराक्रमी बंडखोराला कप्तान कर्क याने शिक्षा केली नाही. त्याला अनुयायांसह एका निर्जन ग्रहावर वसाहत करण्यास सोडून दिले. निर्णय उदार होता, न्याय्यही होता. पुढे सहा महिन्यांत शेजारचा ग्रह फुटला, या ग्रहाची कक्षा ढळली, भूमीचे वाळवंट झाले. खानाची पत्नी गेली, सोबतचे कित्येक गेले. आणि पंधरा वर्षे कोणी त्यांची साधी चौकशीही केली नाही.

हा तपशील आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कर्क दुष्ट नव्हता. त्याने प्रकरण निकाली काढले, कागद बांधून ठेवला, आणि तो पुढच्या कामाला लागला. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी एका जिल्ह्याचा कार्यभार सोडून दुसऱ्याचा घेतला असेल, त्यांना ही विस्मृती परकी वाटणार नाही. आदेश देताना मन जागे असते. आदेशाचे पुढे काय झाले हे पाहण्याच्या वेळी आपली बदली झालेली असते. तेव्हा खानाचे गाऱ्हाणे खोटे नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सूड घेणारा खलपुरुष असला की प्रश्न फार सोपा होतो. येथे तो तसा नाही.

परंतु या खऱ्या गाऱ्हाण्याची किंमत कोणी मोजली? समोरून येणारी नौका आपल्याच दलाची, पण हाकेला ओ देत नाही. अशा वेळी संरक्षक कवच चढवावे असा नियम. तरुण अधिकारी साविक तो नियम म्हणून दाखवू लागते, तर तिला मध्येच गप्प केले जाते. पहिल्याच माऱ्यात यंत्रशाळेतील एक कोवळा शिकाऊ मुलगा भाजून मरतो. खानाच्या ग्रहाचे त्याने काय बिघडवले होते? शेवटी नौका वाचविण्यासाठी प्राणघातक किरणांच्या कोठडीत शिरतो तो स्पॉक. कर्क जिवंत राहतो. ज्याच्याकडून वसूल करावयाचे त्याला वगळून इतर सर्वांकडून वसुली होते.

आणि खानाची स्वतःची माणसे? त्याचा साहाय्यक जोआकिम त्याला वेळीच सांगतो की आपण मुक्त झालो, नौका हाती आली, आता हवे तिकडे जाता येईल. कर्कचा हेतू आपण हाणून पाडलाच आहे. याहून शहाणा सल्ला सेनापतीला क्वचितच मिळतो. खानाच्या तोंडी उत्तर येते ते हर्मन मेलव्हिलच्या ‘मोबी डिक’ (१८५१) मधील कप्तान एहॅबच्या बोलण्याचा पडसाद होय. तेथेही स्टारबक नावाचा दुय्यम अधिकारी आहे. एहॅबचा पाय तोडणाऱ्या देवमाशाच्या पाठलागाला जुंपलेले जहाज हे मालकांच्या पैशाचे व खलाशांच्या पोटाचे आहे, याची तो आठवण देतो. ते जहाज बुडते आणि वाचतो तो कथा सांगणारा एकटा. पत्नी गमावल्याचे दुःख खानाचे, पाय गमावल्याची वेदना एहॅबची. नौका मात्र दोघांपैकी एकाचीही खाजगी नव्हती. सार्वजनिक तिजोरीतून घरचे कर्ज फेडणाऱ्याला आपण चोर म्हणतो. माणसांच्या प्राणांतून फेडणाऱ्याला आपण शूर का म्हणावे, हे आम्हांस कळलेले नाही.

महाभारतातील सौप्तिक पर्व या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. अश्वत्थाम्याच्या पित्याचा वध कपटाने झाला, हे गाऱ्हाणेही खरेच. मामा कृपाचार्य त्याला थोपवू पाहतात. तो ऐकत नाही, आणि कृप व कृतवर्मा शेवटी त्याच्या मागून जातात, शिबिराच्या दाराशी उभे राहतात. झोपलेल्यांची कत्तल होते. धृष्टद्युम्न मरतो, तसेच द्रौपदीचे पाचही पुत्र मरतात. पुढे ब्रह्मशिर अस्त्र सुटते तेव्हा अर्जुनाला आपले अस्त्र परत घेता येते, अश्वत्थाम्याला येत नाही. ते उत्तरेच्या गर्भाकडे वळते. मरता मरता ग्रहच्या ग्रह उलथून टाकणारे यंत्र सुरू करणारा खान त्याचाच दूरचा भाऊबंद शोभतो.

कोणी म्हणेल, मग अन्याय झालेल्या सेनापतीने करावे तरी काय? दाद मागावी, ती मिळत नसेल तर पद सोडून एकट्याने उभे राहावे. एकट्याचा सूड आम्ही चांगला म्हणत नाही, पण त्यात निदान दुसऱ्याचा मुलगा जळत नाही.

शेवटचे युद्ध एका तेजोमेघात होते. तेथे कवच चालत नाही, दृष्टी चालत नाही, म्हणून जोआकिम पुन्हा एकदा खानाला अडवतो. तेवढ्यात कर्क मुद्दाम डिवचतो, आणि खान नौका आत घालतो. कर्कची नौका खाली जाऊन मागून वर येते, मारा होतो. ढासळलेल्या सामानाखाली सापडलेला जोआकिम खानाच्या हातांत प्राण सोडतो. त्या क्षणीही त्याच्या तोंडी स्वामीची थोरवीच असते. खान त्याला उराशी धरतो, आणि तुझाही सूड घेईन असे वचन देतो.