कचरू, राहुल, रियान

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात मिलिंद राजा भिक्खू नागसेनांना आधी त्यांचं नाव विचारतो. नागसेन नाव सांगतात, आणि लगेच पुढे म्हणतात की आईबाप मुलाला नागसेन म्हणोत, शूरसेन म्हणोत, नाहीतर वीरसेन म्हणोत, ते हाक मारण्यापुरतं. त्या नावाचा कोणी आत शोधायला गेलात तर सापडणार नाही. ग्रीक वंशाचा हा राजा सहजी गप्प बसणारा नव्हता. केस म्हणजे नागसेन का, नखं म्हणजे का, दात म्हणजे का, असं तो विचारत सुटतो. मग नागसेन त्याला त्याच्याच रथावर आणतात. आस म्हणजे रथ का? चाकं? जू? यातलं एकही नाही. सगळं एकत्र जुळून आलं की त्याला आपण रथ म्हणतो.

हा संवाद मी नागसेनवनात शिकताना वाचला. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० साली औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढलं. पुढे कॉलेजला नाव मिळालं प्रश्न विचारणाऱ्या राजाचं आणि परिसराला उत्तर देणाऱ्या भिक्खूचं. नावात काही नसतं असं सांगणाऱ्या ग्रंथातून ही नावं घेतली, याचं मला तेव्हापासून कोडं आहे. आणि ते नुसतं पुस्तकी कोडं नव्हतं. हजेरीला पूर्ण नाव पुकारलं की माझ्या नावापुढे वडिलांचं नाव यायचं, कचरू, आणि मागच्या बाकांवर खसखस पिकायची.

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आधीची दोन भावंडं वर्षाच्या आत गेली होती. म्हणून दादा जन्मले तेव्हा आजीनं त्यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचलून आणलं आणि आजीनं पायलीभर ज्वारी मोजून आपलंच पोर तिच्याकडून विकत घेतलं. टाकून दिलेल्या, विकत आणलेल्या पोरावर कोणाची नजर जाणार नाही, हा तिचा हिशोब. कचरू, दगडू, धोंडीराम, उकिर्डा, भिकाजी ही नावं मराठवाड्यात सगळ्या जातींत सापडतात, आणि पुष्कळदा त्यामागे अशीच पोरं गमावलेली एक बाई असते.

पण हलक्या नावांचा दुसराही उगम आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांची वाटणी केली आहे: ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं किळस येईल असं. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला गेला. आता एकच नाव समोर धरा, कचरू. एका घरी ते आईच्या धास्तीतून आलं, दुसऱ्या घरी वरच्यांच्या हुकमातून. शब्दकोशात दोन्हींचा अर्थ एकच. माझ्या लेखी यांच्याइतकी एकमेकांपासून लांब नावं नाहीत.

म्हणूनच नावांच्या अर्थांच्या याद्यांनी माझं समाधान होत नाही. राहुलचंच पाहा. सिद्धार्थाला मुलगा झाल्याची वार्ता आली तेव्हा त्याला वाटलं, बेडी जन्मली. परंपरेनं नावाचा अर्थ बंधन असाच सांगितला. तरी १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर आमच्या वस्त्यांत घरोघर राहुल जन्मले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं जनरल रजिस्टर लिहिलं. राहुल दगडू, सिद्धार्थ उकिर्डा, मिलिंद कचरू: एका ओळीत दोन पिढ्या शेजारी शेजारी. कोणी म्हणतं, मुलांच्या नावांनी बापांची नावं पुसली. मला तसं दिसलं नाही. आधीच्या नावात पोर जगावं एवढीच आस होती, नंतरच्या नावात ते ताठ मानेनं जगावं ही. माझ्या धाकट्या भावाचं नाव दादांनी नागसेन ठेवलं. नोकरी लागल्यावर त्यानं दादांचं नाव गॅझेटमध्ये बदलून घ्यायचं काढलं, तेव्हा दादा म्हणाले, “माझ्या मायनं मला जगवाया ठिवलेलं नाव हाय ते. त्यात लाजायचं काय?”

आता नागसेनचा मुलगा डब्लिनला असतो. त्याला मुलगा झाला, आणि तिकडच्यांनाही नीट म्हणता येईल असं नाव म्हणून त्यानं रियान काढलं. आयरिश नाव, अर्थ छोटा राजा. त्यातला राजासाठीचा जुना शब्द आपल्या ‘राजा’चाच दूरचा भाऊ. अर्थ चांगलाच आहे. पण आयर्लंडचं मला सगळ्यात भावलं ते पॅट्रिकचं. हा संत मूळचा ब्रिटनचा, पोरवयात गुलाम म्हणून तिथे नेलेला, नाव लॅटिन. पुढे त्याच्याबद्दल आदर एवढा की लोक मुलाला थेट ते नाव देत नसत. ‘पॅट्रिकचा सेवक’ अशा अर्थाचं देत. फिट्झपॅट्रिक हे आडनाव त्यातूनच आलं. आपल्याकडच्या रामदासात आणि अब्दुल्लात हाच भाव आहे.

नाव पोकळ असेल तर मग माणसं नावासाठी मेली कशी, हा प्रश्न मला नामांतरानं घातला. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगाव घरं पेटली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना जिवे मारलं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. त्या वर्षांत मी नागसेनांचं उत्तर पुन्हापुन्हा वाचलं. रथ नाहीच असं ते कुठे म्हणत नाहीत. राजा त्याच रथातून आला होता. रथाच्या आत ‘रथ’ नावाची वस्तू नाही, एवढंच ते म्हणतात. तो चालतो तो जुळून आलेल्या कारणांवर. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांची आई भिमाई, शाळेबाहेर बसवलेलं पोर, महाडचं तळं, जळालेली घरं सगळं जुळून आलं होतं. ते पुसा म्हणणं म्हणजे ती सगळी कारणं नाकारणं.

भाच्याला मी सांगितलं, रियान ठेव, पण मधलं नाव कचरू लाव. सूप आणि ज्वारीची गोष्ट त्यानं तेव्हा पहिल्यांदा ऐकली. नागसेनला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, ताई, जे ओझं आपण उतरवलं ते त्या लेकराच्या डोक्यावर कशाला? त्याचा राग मला कळतो. हजेरीतलं हसू त्यानंही सोसलंय. पण तो ओझं म्हणतो ते दुसऱ्यांच्या हसण्याचं आहे, आजीच्या नावाचं नाही. डब्लिनमध्ये त्या नावाला कोणी हसणार नाही. तिथे ते पहिल्यांदाच आजीनं ठेवलं तसं ऐकू येईल.