डायरेक्ट

बॉनेट उघडायची घाई करू नका. आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसा, दार लावून घ्या. हात मांडीवर असू द्या. गाडी बंद आहे, तशीच राहू द्या. बाहेर कुणी हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या. आज कुठे पोचायचं नाही.

ही १९९६ सालची मर्सिडीज, ई २२०. गाड्यांचे जाणकार या पिढीला डब्ल्यू १२४ म्हणतात. हे मॉडेल जर्मनीत १९८४ साली आलं आणि जगभरात पंचवीस लाखांहून जास्त गाड्या झाल्या. मर्सिडीजने भारतात मोटारींची जुळणी सुरू केली तीही याच मॉडेलने, १९९५ मध्ये, आपल्या पिंपरीत, टेल्कोच्या आवारात. माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर हिचे बोल्ट पहिल्यांदा आवळले गेले. त्यानंतर ती कुणाकुणाच्या पोर्चमध्ये मानाने उभी राहिली असणार. माझ्याकडे आली तेव्हा आर्सी बुकावर माझं नाव चौथं होतं.

एक गोष्ट मनात नीट मुरू द्या. महागडी गाडी जुनी झाली की तिची किंमत कोसळते, तिच्या पार्टची मात्र कोसळत नाही. नवी असताना ती ज्याला परवडली, त्याला तिचं सर्व्हिसिंगही परवडत होतं. तिसऱ्या मालकाने ती साध्या गाडीच्या भावात घेतली आणि पहिल्याच मोठ्या बिलाला त्याच्या पोटात गोळा आला. त्या गोळ्याची कल्पना करून बघा. घरी सांगता येत नाही, गाडी दारात दिमाखात उभी आहे, आणि मेकॅनिक म्हणतोय, ‘साहेब, ओरिजिनल टाकू की चालवून घेऊ?’ बहुतेक वाईट दुरुस्त्या या प्रश्नाच्या उत्तरातून जन्माला येतात.

आता किल्ली फिरवा, पण इंजिन चालू करू नका. समोर दिवे लागतील. ते मोजा. किल्ली फिरवली की इशाऱ्याचे दिवे सगळे लागतात, ते जिवंत आहेत हे कळावं म्हणून. गाडीच्या पुस्तकात बघा किती हवेत आणि डोळ्यांसमोर किती आहेत. माझ्या गाडीत एक कमी होता, कूलंट कमी झाल्याचा. बल्ब उडाला असेल असं वाटून मीटर बाहेर काढला. बल्बची जागा रिकामी होती. कुणीतरी तो बोटांनी फिरवून काढून घेतला होता.

या रिकाम्या खाचेपाशी थोडं थांबा. पैसे नसणं मी समजू शकतो, घाईही समजू शकतो. पण गाडी विकण्याआधी तिचं तोंड बंद करणं मला समजून घेता येत नाही. पुढचा माणूस बायकोमुलांना घेऊन घाट चढणार आहे, हे ठाऊक असताना तो हात तिथवर गेला. याला मी चूक म्हणत नाही, फसवणूक म्हणतो.

श्वास सोडा. बॉनेट उघडा.

हे बॉनेट नव्वद अंशांत सरळ उभं करता येतं. ज्यांनी ते तसं केलं त्यांना मेकॅनिकच्या पाठीची काळजी होती. इंजिन थंड आहे. किल्ली बंद करा, बॅटरीची तार काढून ठेवा, मग निर्धास्तपणे हात आत घाला. इंजिनावरून जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यावर बोट ठेवा आणि ते हळूहळू पुढे सरकवा. जिथे बोट चिकटेल तिथे थांबा.

काळी टेप आहे. धगीने तिचा गोंद पाघळलाय. ती सोडवा, एकेक वेढा. आतल्या वायरीचं आवरण बिस्किटासारखं चुरून हातात येईल. वीस-पंचवीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलं की ते कडक होतं, तडकतं, मग गळून पडतं. उघड्या तारा एकमेकींना टेकल्या की इंजिन अडखळतं, उभ्या जागी आचके देतं. इथे कुणीतरी दिसणाऱ्या वीतभर भागाला टेप मारली होती. खोळीच्या आत, नजरेआड, उरलेली हातभर वायर तशीच होती.

टेप मारणारा डोळ्यांपुढे आणा. कदाचित तो खंबाटकी घाटात होता. पाऊस होता. मागे ट्रक लागलेले, गिऱ्हाईक छत्री धरून उभं, हातात टॉर्च आणि खिशात टेपचं एक रीळ. त्याने तारा वेगळ्या केल्या, टेप मारली आणि माणसं घरी पोचली. त्या रात्रीपुरती ती टेप चांगलं काम होती. मला तिचा राग येत नाही. ‘तात्पुरतं केलंय, आल्यावर नीट करून घ्या’ असं तो म्हणालाही असेल. मालक दुसऱ्या दिवशी गेला नाही. आठवड्याने गेला नाही. गाडी चालत होती, आणि चालणाऱ्या गाडीकडे कोण बघतं?

तुमच्या घरात, कामात अशी एखादी टेप आहे का, ते मनातल्या मनात बघा. उत्तर द्यायची गरज नाही. परत इंजिनाकडे या.

गॅरेजमध्ये एक शब्द रोज ऐकू येतो: ‘डायरेक्ट’. पुढचा फॅन डायरेक्ट केलाय. सेन्सर डायरेक्ट केलाय. फ्यूज सारखा उडत होता म्हणून डायरेक्ट केला. शब्द जरा तोंडात घोळवा. मध्ये जो कुणी विचारणारा होता, ‘आत्ता गरज आहे का? एवढा करंट सोसेल का?’, त्याला बाजूला केलं, असा त्याचा अर्थ. या गाडीत छोटे, दोन्हीकडून निमुळते फ्यूज असतात. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा, निळा २५ चा. माझ्या गाडीत पांढऱ्याच्या जागी निळा होता, आणि एकावर तर तांब्याच्या तारेचा वेढा. फ्यूज वायरीच्या आधी स्वतः जळतो, त्याचं काम तेवढंच. त्याला जळू दिलं नाही की जळायची पाळी वायरीवर येते, आणि वायर डॅशबोर्डच्या आत, गालिच्याखाली, तुमच्या पायांजवळून गेलेली असते.

सगळ्यात जास्त वेळ मी थर्मोस्टॅटपाशी बसलो. त्याचं घर उघडलं आणि आत काहीच नव्हतं. आपल्याकडे हा जुना समज आहे: गाडी गरम होते, थर्मोस्टॅट काढून टाका, पाणी मोकळं फिरेल. वर्षानुवर्षं, गावोगाव, चांगली माणसंही हेच सांगत आली.

नवा थर्मोस्टॅट तळहातावर घ्या. पितळेची एक छोटी कुपी, तिच्यात मेण, भोवती स्प्रिंग. इंजिन थंड असताना तो बंद राहतो आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, कारण इंजिनाला आधी अंगात ऊब धरायची असते. या इंजिनात सुमारे ८७ अंशांना मेण वितळून फुगतं, दांडी पुढे सरकते आणि वाट उघडते. वीज नाही, कॉम्प्युटर नाही. तो काढून टाकला की इंजिन हवं तसं तापतच नाही. मग इंजेक्शनला वाटतं अजून सकाळच आहे, ते जास्त पेट्रोल सोडत राहतं. ॲव्हरेज पडतं, काळा धूर येतो, आणि त्या धुराचं कारण भलतीकडेच शोधलं जातं. एका वाईट दुरुस्तीने आणखी तीन दुरुस्त्या ओढवून घेतल्या.

गाडी गरम का होत होती, हे मात्र कुणी विचारलंच नव्हतं. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी होतं. या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दोन धातू आणि मध्ये क्षारांचं पाणी, म्हणजे आतून गंज आणि गाळ. रेडिएटरच्या नळ्या निम्म्या तुंबल्या होत्या. डिस्टिल्ड वॉटर आणि योग्य कूलंट निम्मं-निम्मं भरलं असतं तर हे टळलं असतं, आणि त्याचा खर्च फार नव्हता.

बोल्टांबद्दल थोडंच सांगतो. ऑइल चेंबरच्या ड्रेन बोल्टचे आटे गेले होते, वर टेफलॉन टेप आणि एम-सील थापलेलं. कुणाच्या तरी हाताला ‘पुरे’ कळलं नव्हतं. चाकांचे बोल्ट पान्यावर उभं राहून आवळलेले. त्यांना हवेत ११० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना घेतलात तर तेवढ्यावर तो ‘टक्’ वाजतो. वाजला की हात काढा. गंजलेला बोल्ट असेल तर तेल सोडा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी पुन्हा हलक्या हाताने, आधी किंचित आवळून मग सैल करा. मी एक बोल्ट चार रात्री भिजवला.

माझे मेकॅनिककाका नाना पेठेतून पार्ट आणतात, तिथे नाही मिळाला तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना शोधतात. खराब काम समोर आलं की ते कुणालाही शिव्या देत नाहीत. काढलेला पार्ट वर्तमानपत्रावर ठेवतात, न्याहाळतात आणि विचारतात, ‘हे असं का केलं असेल?’ त्यांच्याकडून मी एवढं उचललं. कारण कळलं की खरा बिघाड सापडतो. टेपखाली वायर सापडली, रिकाम्या थर्मोस्टॅटमागे तुंबलेला रेडिएटर सापडला.

आता बॅटरीची तार परत जोडा आणि इंजिन चालू करा. फॅनपासून बाह्या आणि बोटं लांब ठेवा. रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. थंड आहे. थांबा. अजून थंडच. काटा सावकाश वर चढतोय, होज मात्र गार. बोलू नका. आणि मग, एकाएकी, हाताखाली ऊब येते. मेण वितळलं. वाट उघडली. हात काढून घ्या.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे. ही गाडी कधीतरी पाचव्या माणसाकडे जाईल. तुम्हीही तुमच्या गाडीत अशी वही ठेवा, आणि जे राहिलं तेही तिच्यात लिहा. माझ्या वहीतलं शेवटचं पान असं: थर्मोस्टॅट नवा, ८७ अंश. रेडिएटर नवा. इंजिनाची वायरिंग पूर्ण बदलली. फ्यूज सगळे पुस्तकाप्रमाणे. कूलंटच्या दिव्याचा बल्ब बसवला, लागतो. मागच्या डाव्या चाकाच्या लिंकचं बूश अजून बाकी आहे.