मोह की सेवा?

बाबांची १९८४ची बजाज चेतक गेले चार रविवार घरीच दुरुस्त करतोय. कार्बोरेटर साफ केला, क्लच प्लेटा आणि केबली बदलल्या. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल घालावंच लागतं, नाहीतर पिस्टन जाम. बाबांचं ते माप कधी चुकलं नाही.

घरचे म्हणतात, "भंगारात दे, मोह सोड." पण मोह गाडीचा नाही हो. बाबा होते तेव्हा एक रविवारसुद्धा त्यांच्याजवळ धड बसलो नाही, आता त्यांच्या गाडीजवळ तासन्‌तास बसतो. ही सेवा म्हणायची, की सोयीचं प्रायश्चित्त? गाडी औषधं मागत नाही, तेच तेच विचारत नाही.

काल आई म्हणाली, "जरा माझ्याजवळ पण बैस." पाना ठेवला, हात धुतले.