तांडेल आणि नियम

वाचनपाठ : प्रेषितांचीं कृत्यें 27 : 9-12, लूक 16 : 10

कोल्हापुराजवळ उजळाईवाडीच्या माळावरून विमान उडालें म्हणजे शेतांतील माणसें खुरपें थांबवून वर पाहतात. आंत बसलेल्यांनीं वैमानिकाचें तोंडही पाहिलेलें नसतें. तरी ते निश्चिंत असतात. कां? तो नियमानें बांधलेला आहे, असा त्यांचा भरवसा असतो. उड्डाणापूर्वीं बारा तास त्यानें मद्यास शिवूं नये. आणि उतरतांना वेग किंवा उंची मर्यादेबाहेर गेली, तर भूमि जवळ दिसत असतांही विमान पुन्हा वर न्यावें, असा दंडक आहे.

सन 2020 च्या ऑगस्टच्या 7 व्या तारखेस दुबईहून आलेलें एक विमान केरळांत कोळिकोड येथें पावसांत उतरलें. धावपट्टी टेकडीच्या माथ्यावर, वारा पाठीमागून. सुमारें अर्धी धावपट्टी मागें पडल्यावर चाकें टेकलीं, आणि विमान टोकावरून खालीं कोसळलें. 190 जिवांपैकीं 21 गेले. त्यांत दोघेही वैमानिक होते. मुख्य वैमानिक अनुभवी होता. पण ठरलेली रीत सुटली, आणि पुन्हा वर चढण्याविषयीं सहवैमानिकानें सांगितलें असतांही उतरणें चालूच राहिलें, असें चौकशींत दिसून आलें. मृतांस दोष लावण्यास आम्हीं हें लिहीत नाहीं; आम्हीही त्याच मातीचे आहों.

क्रेत बेटाजवळ पौलानें असाच इशारा दिला होता. शताधिपतीनें बंदिवानाचें न ऐकतां तांडेलाचें ऐकलें. देवाच्या कृपेनें 276 जीव वांचले, परंतु तारूं फुटलें.

आतां आपल्याकडे पाहूं. दानाचे पैसे दोघांनीं मिळून मोजावे असा नियम असतां उपदेशक एकटाच मोजतो. शाळेचा हजेरीपट मास्तर घरीं बसून भरतो. 'एवढ्यानें काय होतें?' असें आपण म्हणतों. पुष्कळ दिवस कांहींच होत नाहीं, आणि त्यामुळेंच मन निर्ढावतें. थोडक्याविषयीं विश्वासू राहण्यास प्रभूनें सांगितलें तें याचसाठीं.

वडील बंधूंनो, धाकट्यानें चूक दाखविली तर थांबा. तरुणांनो, आदर राखा, पण स्पष्ट बोला. ऐकलें नाहीं तर पुन्हा बोला. विमान पुन्हा वर नेण्यांत वैमानिकास लाज नाहीं. तशीच पश्चात्ताप करून मागें फिरण्यांत ख्रिस्ती मनुष्यासही नाहीं. आपल्या हातीं सोंपविलेल्या जिवांचा हिशेब आपणांस द्यावयाचा आहे. तो देण्यास प्रभु आपणांस सिद्ध करो. आमेन.