अनुयायी कसा असावा?

पुढारी कसा असावा, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. अनुयायी कसा असावा, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांनी तो आधी विचारला पाहिजे. देवापुढे हात जोडून उभे राहण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय दीक्षा घेतल्याने एका दिवसात जात नाही. देव सुटतो आणि त्याच्या जागी पुढारी येऊन बसतो.

भगवान बुद्धांनी संघाला निराळी सवय लावली. वर्षावास संपला की भिक्खू पवारणा करीत. माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक जण संघाला करी. खुद्द बुद्धांनीही आपल्या वागण्याबोलण्यात काही वावगे दिसते काय, असे भिक्खूंना विचारल्याचे संयुत्तनिकायात आले आहे. महत्त्वाचा ठराव संघापुढे तीनदा पुकारला जाई. मान्य असेल त्याने गप्प राहावे, नसेल त्याने बोलावे, असा नियम होता. म्हणजे मौन ही संमतीच. बैठकीत गप्प बसून मग पानठेल्यावर कुरकुर करणाऱ्याला या नियमात जागा नाही.

पोटापाण्याच्या जागीही हेच लागू आहे. खामगाव-मलकापूरकडच्या जिनिंगमधला मजूर घ्या. कापसातून खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात गेला तर ठिणगी उडून आग लागू शकते. तो तुकडा दूर उभ्या मुकादमाला दिसत नाही, कापूस टाकणाऱ्याला दिसतो. ‘मुकादम पाहील, आपल्याला काय करायचे?’ म्हणून तो गप्प बसला, तर आज्ञाधारक ठरेल. पण सोबत्यांचा जीव धोक्यात घालील. बोलणाऱ्यावर डोळे वटारणारा मुकादमही तितकाच दोषी होय.

मग प्रत्येकाने आपलेच खरे करायचे काय? मुळीच नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेले आपले लोक चवदार तळ्यावर जाऊन तुरुंग सोसायला तयार होते. स्पृश्यांनी न्यायालयाचा मनाईहुकूम आणला होता. परिषदेत दोन्ही बाजूंनी भाषणे झाली. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याची कारणे समजावून सांगितली. लोकांनी ती पटवून घेतली आणि पाण्याला हात न लावता तळ्याभोवती शिस्तीने मिरवणूक काढली. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. आधी बोलणारे आणि ठरल्यावर शिस्त पाळणारे ते एकच लोक होते.

उपासक-उपासिकांनो, विहाराच्या बैठकीत हिशेब विचारा, पटत नसेल तर तिथेच उठून सांगा. आणि एकदा ठरले की सतरंजी अंथरायला सर्वांच्या आधी या. ज्याच्या मागे असे लोक आहेत, त्या पुढाऱ्याला वाट चुकणे कठीण जाईल.